शेजारच्या आजींच्या पेटीतले दोन किमोनो: रंगकाम हाताचं की साच्याचं?

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

तोक्योत, निशी-कासाईला राहते. लेक तीन वर्षांची आहे, म्हणजे यंदा तिचं शिची-गो-सान. माहीत नसलेल्यांसाठी: शब्दशः ‘सात-पाच-तीन’. १५ नोव्हेंबरच्या आगेमागे मुलांना नटवून देवळात नेतात. मुली तिसऱ्या आणि सातव्या वर्षी, मुलगे पाचव्या (कुठे कुठे तिसऱ्याही). पूर्वी तिसऱ्या वर्षापर्यंत मुलांचं डोकं भादरायचे आणि तीनला केस राखायला सुरुवात करायचे. आपण जावळ काढतो, यांच्याकडे जावळ ठेवायचा सोहळा! पाचला मुलग्याला पहिला हाकामा (किमोनोवरून नेसायचं धोतरवजा वस्त्र), सातला मुलीच्या किमोनोला शिवलेल्या बंदांची गाठ जाऊन मोठ्या बायकांसारखी ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा.

तर मी भाड्याच्या किमोनोची पॅकेजेस बघत होते. शेजारच्या आजींना कळलं. ‘भाड्याने कशाला?’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी किरीच्या लाकडाची पेटी घेऊन दारात. आत पिवळं फडकं (हळदीने रंगवलेलं, कीड लागू नये म्हणून), त्यात जाड कागदाचं वेष्टण, आणि त्यात दोन किमोनो.

पहिला रेशमी, जांभळट तांबडा, तीन वर्षांच्या मुलीच्या मापाचा. आजींनी स्वतः लहानपणी घातलेला. त्यावर क्रौंच, उमेची (जपानी आलुबुखाराची) फुलं, तेमारी नावाचे रंगीत दोऱ्यांचे चेंडू. अस्तर लालभडक. गंमत म्हणजे डाव्या खांद्यावरच्या क्रौंचाला एकच पंख आहे! दुसरा पंख जिथे यायला हवा तिथे शिवण, आणि शिवणीपलीकडे भलतंच फूल.

दुसरा त्यांच्या थोरल्या भावाचा, तान्हेपणीचा. पातळ लोकरीचा, छापील. विमानं, आगगाडी, ढग. पाठीवर मानेखाली रंगीत दोऱ्याचे ओळीने टाके आणि दोऱ्याची टोकं लोंबतायत, जणू शिवणारी मधेच उठून गेली.

प्रश्न: पहिल्याचं रंगकाम हाताचं की साच्याचं? ते टाके कसले? आणि धुता येईल का? कॉलरला डाग आहे. फोटो जोडलेत.

शेंगदाणा

खुर्ची टाकून बसलोय.

सुईदोरा

नागोयाला असताना दोन वर्षं किमोनो शिवायच्या क्लासला जात होते, त्यामुळे टाक्यांचं मी सांगते. त्यांना ‘सेमामोरी’ म्हणतात, म्हणजे पाठराखण.

किमोनोचं कापड अरुंद असतं, साधारण ३६-३८ सेंटिमीटर पन्हा. मोठ्या माणसाच्या पाठीला दोन पट्टे जोडावे लागतात, त्यामुळे पाठीच्या मधोमध शिवण येते. तान्ह्या बाळाची पाठ एकाच पट्ट्यात मावते. म्हणून त्या कपड्याचं नाव ‘हितोत्सुमी’, ‘हितोत्सु’ म्हणजे एक. आता गोची अशी की जपानीत टाक्याला ‘नुईमे’ म्हणतात आणि त्यातला ‘मे’ म्हणजे डोळा. मोठ्यांच्या पाठीवर शिवणीचे डोळे पहारा देतात, वाईट काही मागून आत शिरू देत नाहीत. बाळाच्या पाठीला शिवणच नाही, म्हणजे पहारेकरी नाही! म्हणून आई वरून टाके घालते. फोटो मोठा करून मोजले: नऊ उभे, तीन तिरके, एकूण बारा. वर्षाचे बारा महिने. मुलगा की मुलगी यावर तिरक्या टाक्यांची दिशा ठरते.

लोंबती टोकं मुद्दाम ठेवलेली असतात. बाळ चुलाण्यात किंवा पाण्यात पडायला लागलं तर देवाला धरून ओढायला काहीतरी हाताशी हवं म्हणून. कृपा करून ती टोकं कापू नका.

वाकळ

देवाला धरायला दोरा! आपली तीट बिचारी नुसती दृष्ट अडवते. हे थेट पकडायची सोय करून ठेवतात.

निशिकासाईकर

@सुईदोरा, बाई गं. मी कात्री हातात घेतली होती. खरंच.

इचलकरंजीकर

प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, पंचवीस वर्षं रंगात हात घातलेत, म्हणून रंगाचं बोलतो.

पहिला किमोनो यूझेन नावाच्या रंगकामाचा आहे यात शंका नाही. क्योटोत सतराव्या शतकाच्या अखेरीस मियाझाकी यूझेनसाई नावाचा पंखे रंगवणारा चित्रकार होता, त्याच्या नावावरून. हाताच्या यूझेनची रीत अशी: आधी पांढऱ्या रेशमावर आओबाना नावाच्या फुलाच्या निळ्या रसाने नक्षी काढायची, हा रस पाण्याने साफ निघून जातो. मग चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा यांची शिजवलेली लापशी कोनात भरून त्या रेघांवरून दोऱ्यासारखी बारीक ओळ सोडायची. कोन म्हणजे मेंदीचा कोनच समजा, फक्त कागद टेंभुर्णीच्या जातभाईच्या, पर्सिमनच्या तुरट रसात मुरवलेला आणि टोकाला धातूची चोच. या लापशीच्या ओळीचं नाव ‘इतोमे’. ओळ वाळली की ती बांधासारखी काम करते: आतला रंग बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. मग आतले रंग कुंचल्याने भरायचे, वाफ द्यायची. मग सगळी नक्षी त्याच लापशीने झाकून जमिनीचा रंग रुंद ब्रशने एका दमात ओढायचा. पुन्हा वाफ, मग भरपूर वाहत्या पाण्यात धुणं. लापशी निघून जाते आणि प्रत्येक पाकळीभोवती पांढरी रेघ उरते.

साच्याच्या यूझेनमध्ये लापशीतच रासायनिक रंग कालवून कागदी साच्यातून उतरवतात. हे मेइजी काळात (१८६८ ते १९१२), रासायनिक रंग आल्यावर सुरू झालं. प्रत्येक रंगाला वेगळा साचा.

तुमच्या फोटोत क्रौंच शिवणीवर तुटलाय. हाताच्या उंची कामात किमोनो आधी कच्चा टाचून त्यावर नक्षी आखतात, त्यामुळे चित्र शिवण ओलांडून अखंड जातं. तुमचं तुटलंय, म्हणजे थानावर छापलेलं कापड. माझं मत: साचा.

बांधावरची

@इचलकरंजीकर, आओबाना म्हणजे आपल्या केन्याचा भाऊ! पावसाळ्यात बांधावर निळ्या फुलांचा केना माजतो ना, भाजी करतात ती, त्याच कुळातला. मी आजवर उपटून टाकत आलेय.

शेंगदाणा

केन्याने आखणी, मोदकाच्या उकडीने बांधबंदिस्ती. यूझेनसाईंचं आजोळ कोकणातलं असणार.

सुईदोरा

@इचलकरंजीकर, साच्याचा निकाल घाईने दिलात. थानावर छापलेलं असतं तर नक्षी ठरावीक अंतराने परत परत आली असती. मी सहाही फोटो बघितले, एक क्रौंच दुसऱ्यासारखा नाही. एकाची मान बारीक, एकाची चोच उघडी.

निशिकासाईकर, तीन गोष्टी करून बघा.

भिंग घेऊन पांढरी रेघ बघा. हाताची असेल तर जाडी कमीजास्त होईल, वळणावर किंचित फुगेल, एखाद्या जागी तुटून रंग निसटलेला दिसेल. दुसरं, कापडाची उलटी बाजू, जिथे अस्तर उसवलं असेल तिथून. तिसरं, तेमारी चेंडूंवर जे पांढरे ठिपके आहेत त्यावर बोट फिरवा. खऱ्या शिबोरीत रेशमाचा कणभर भाग चिमटीत धरून दोरा गुंडाळतात, मग रंगवतात. दोरा सोडला की तिथे सुरकुती उरते आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध रंगाचा बारीक टिंब. आपली बांधणीच ती. त्याला ‘कानोको’ म्हणतात, हरणाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके. सपाट लागलं तर तो ‘सुरीबित्ता’, साच्याने केलेली शिबोरीची नक्कल.

ही नक्कल हलकी समजू नका हं. पूर्ण अंगभर कानोको म्हणजे हजारो गाठी आणि महिनोन्‌महिने काम. १६८३ साली शोगुनाच्या (तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारने बायकांच्या कपड्यांवर जरतारी, भरतकाम आणि अंगभर कानोको यांना बंदी घातली. यूझेनचं रंगकाम फोफावलं ते त्याच सुमारास: बंदी गाठींवर होती, चित्रांवर नव्हती!

तिरपागडा

सगळे क्रौंच-क्रौंच करतायत, दुसऱ्या किमोनोबद्दल कुणी बोलत नाही. लोकरीवर छापलेली विमानं. आजींचा थोरला भाऊ म्हणजे १९३० चं दशक किंवा ४० ची सुरुवात. त्या काळात मुलग्यांच्या किमोनोवर रणगाडे, युद्धनौका, बॉम्बफेकी विमानं, झेंडे सर्रास छापत. बाळ महिन्याचं झालं की देवळात पहिल्यांदा नेतात, त्या मियामाइरीच्या किमोनोवरसुद्धा. पूर्वी त्या जागी ससाणा, शिरस्त्राण, खजिन्याची नाव असायची. आधी आधुनिकतेचं कौतुक म्हणून आगगाड्या, गगनचुंबी इमारती आल्या आणि मग हळूच तोफा.

विमानांच्या पंखांवर काही खूण आहे का ते बघा. लाल गोळा असला तर मामला वेगळा.

निशिकासाईकर

@तिरपागडा, बघितलं. तीन विमानं साधी आहेत, एकाच्या पंखावर फिकट लाल ठिपका आहे. आजींना विचारायला जीभ रेटली नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की भाऊ युद्धानंतर पुष्कळ जगला आणि रेल्वेत नोकरीला होता. आगगाडी खरी ठरली म्हणाल्या.

इचलकरंजीकर

त्या लोकरीच्या कापडाला तिथे ‘मोसुरिन’ म्हणतात. फ्रेंच मुसलीनवरून. आपल्याला मलमल म्हटलं की सूत आठवतं, तिथे मोसुरिन म्हणजे पातळ लोकर. रासायनिक रंग लोकरीवर झक्क चढतात, त्यामुळे मुलांच्या कपड्यांसाठी ते फार चालायचं. कसर मात्र लगेच लागते. हळदीचं फडकं उगीच नाही.

शेंगदाणा

अवांतर: आत घालायच्या कपड्याला जपानीत जुबान म्हणतात असं वाचलं. आपला झब्बा नातेवाईक का?

सुईदोरा

चुलतभाऊच. अरबी जुब्बा, त्यावरून पोर्तुगीज, पोर्तुगिजांकडून जपानी जुबान. झब्बाही जुब्ब्याचाच.

चौलकर

पोर्तुगिजांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचं नाव घ्यायला परवानगी असावी. जपानीत ‘चाउ-जिमा’ नावाचं पातळ रेशमी पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे. त्यातला ‘चाउ’ म्हणजे चौल, रेवदंड्याच्या शेजारचं, जिल्हा रायगड. पोर्तुगीज जहाजांतून ते तिकडे गेलं, पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) क्योटोचे विणकर तसंच विणू लागले, आणि मुख्य वापर कशाला? हाकाम्याला! म्हणजे तुमच्या पाचव्या वर्षीच्या सोहळ्यात जे पट्ट्यांचं धोतरवजा वस्त्र पोरं घालतात ना, त्या प्रकाराच्या कापडाच्या नावात आमचं चौल आहे. आज गावात एकही माग नाही. नारळ-पोफळी भरपूर.

वाकळ

@चौलकर, हे माहीतच नव्हतं. दंडवत.

माझ्याकडून एक भर. कानाझावाला ‘ह्याकुतोकु’ किमोनो बघितले होते. शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून आणायचे आणि जोडून बाळाचा किमोनो शिवायचा. घरात मुलं जगत नसली की हे करत. शंभर घरांचं पुण्य अंगावर. तुकडे रेशमी, सुती, यूझेन, शिबोरी, जे मिळेल ते. मी गोधड्या शिवते, त्यामुळे तिथून पाय निघेना. एक तुकडा अंगठ्याएवढा होता. कुणाच्या तरी घरात तेवढंच शिल्लक असेल, पण दिलं.

बांधावरची

अस्तराच्या लाल रंगाचं कुणी सांगेल का? कुठेतरी वाचलंय की तो करडईच्या फुलांचा असतो. आमच्याकडे सोलापूर भागात करडई तेलासाठी, फुलं कोण विचारतंय.

इचलकरंजीकर

बरोबर वाचलंत. बेनिबाना म्हणजे करडई. उत्तरेकडच्या यामागाताची, मोगामी नदीच्या खोऱ्यातली करडई नावाजलेली. फुलं पहाटे तोडायची, दवाने काटे मऊ असतात तोवर.

बांधावरची

हे काटे माहीत असलेला माणूसच बोलू शकतो. दुपारी करडईत शिरून दाखवा कुणी!

इचलकरंजीकर

हा हा. तर पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात विरघळणारा, तो आधी धुऊन काढतात. लाल अगदी थोडा, तो साध्या पाण्यात सुटत नाही, राखेच्या क्षारी पाण्यात सुटतो. पाकळ्या आंबवून, कुटून चपट्या वड्या करत आणि त्या वड्या क्योटोला जात. रंगवताना वडी राखेच्या पाण्यात भिजवायची, लाल उतरला की त्यात आंबट घालायचं, धुरावलेल्या उमेचा अर्क. आंबट पडलं की लाल रेशमावर जाऊन बसतो. त्या लाल अस्तराच्या रेशमाला ‘मोमी’ म्हणतात. अंगाला ऊब देतं, रोग दूर ठेवतं असा समज, म्हणून बायका-मुलांच्या कपड्यांना आतून.

आता धुण्याचा प्रश्न. जो रंग क्षाराने सुटतो त्याला साबण लावलात तर काय होईल? कॉलरचा डाग जाईल आणि सगळा किमोनो गुलाबी होईल. तुमचं अस्तर बहुधा रासायनिक लाल असेल, विसाव्या शतकात तेच वापरत, पण जुना रासायनिक लालही कच्चा निघतो. ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा आतल्या शिवणीला दाबून बघा.

निशिकासाईकर

बोळा गुलाबी झाला. कपडे धुण्याचा विचार रद्द.

भिंगाखाली: पांढरी रेघ सारखी नाही. एका उमेच्या पाकळीत रेघ तुटलीय आणि गुलाबी रंग सांडून बाहेर आलाय, तिळाएवढा. ठिपके मात्र सपाट आहेत, म्हणजे सुरीबित्ता.

इचलकरंजीकर

रेघ तुटून रंग सांडलाय म्हणजे कोनच धरलेला हात. माझा साचा मागे घेतो. चित्र हाताचं, ठिपके साच्याचे. मग तो क्रौंच का तुटला?

सुईदोरा

मला वाटतं ते सांगते. कापड या किमोनोसाठी रंगवलेलंच नव्हतं.

किमोनोत सगळे काप सरळ. गळा वळणाचा कापत नाहीत, बाही गोल कापत नाहीत. त्यामुळे सगळं उसवलं की पुन्हा सुमारे बारा मीटरचा एक लांब पट्टा जोडता येतो. पूर्वी धुतही तसंच: उसवायचं, पट्टा जोडायचा, धुवायचा, खळ लावून बांबूच्या काड्यांवर ताणून वाळवायचा, पुन्हा शिवायचा. आणि पुन्हा शिवताना आईचा किमोनो लेकीच्या मापाचा झाला तर कुणाला अडचण नसे. क्रौंच आईच्या अंगावर पुरा असणार.

लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेला खोल चुण्या घालतात. काताआगे आणि कोशिआगे. मूल वाढलं की चुणी सोडायची. डाव्या खांद्याची चुणी उघडता आली तर बघा. आजींना विचारून हं.

तिरपागडा

आणि हे सगळे सणासुदीचे कपडे झाले. रोज पोरं निळ्या-पांढऱ्या सुती कासुरीत असायची, सूतच बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, आपल्या इकतसारखं. कुरुमेची कासुरी इनोउए देन नावाच्या मुलीने सुरू केली, ती तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. जुन्या कपड्यावरचे विटलेले ठिपके बघून तिने तो उसवला, कुठे पांढरं राहिलंय ते पाहिलं. पोरांच्या कपड्यांच्या धाग्यावर निदान एका पोरीचं नाव यावं म्हणून लिहिलं.

वाकळ

+१. हे आवडलं.

निशिकासाईकर

दोन आठवड्यांनी येतेय, मुलांची आजारपणं वगैरे.

आजींना विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन वाकड्या पात्याची छोटी कात्री घेऊन आल्या आणि स्वतःच चुणी उसवली. मी फक्त टेबललॅम्प धरला.

आत पंख होता. अख्खा, पिसं सुटी सुटी रंगवलेली, टोकांना करडा रंग पाण्याने फिकट करत नेलेला. आणि रंग! बाहेरचा किमोनो मी जांभळट तांबडा लिहिला होता. चुणीच्या आत तो गर्द जांभळा आहे, पिकलेल्या जांभळासारखा. बाहेरचा इतकी वर्षं हळूहळू उडालाय. चुणीच्या कडेने बारीक भोकांची सरळ रांग, जुन्या शिवणीची. सुईदोरा, तुम्ही म्हणालात तसंच: त्यांच्या आईचा किमोनो. युद्धानंतर नवं रेशीम कुठलं, म्हणून उसवून केला. आजींना हे ठाऊक होतं, पण चुणी आत कशी दिसते ते त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. सातव्या वर्षी हा किमोनो त्यांनी घातलाच नाही, म्हणून ती कधी सोडलीच नव्हती.

चुणी पुन्हा घातली. लेक अंगाने बारीक आहे, चुणीशिवाय बाह्या बोटांखाली गेल्या असत्या. पंख परत आत.

इचलकरंजीकर

तो आतला जांभळा आणि बाहेरचा तांबडा शेजारी-शेजारी असा फोटो हवा होता. आमच्या कारखान्यात रंगाचा पक्केपणा तपासायला दिव्याखाली चिंध्या ठेवतात. ही सर्वांत लांब चाललेली चाचणी.

निशिकासाईकर

काढलाय, जोडते.

शेंगदाणा

सोहळ्याचे फोटो कुठे? एकपंखी क्रौंच बघायचाय.

निशिकासाईकर

झाला काल. आणि इथेच माझी फजिती. तीन वर्षांच्या मुलीला ओबी बांधत नाहीत, वरून हिफु घालतात, बिनबाह्यांचं कापूस भरलेलं जाकीट. आजींनी तेही आणलं, पांढरं. ते घातल्यावर खांदा, क्रौंच, सुरीबित्ता, सगळं गडप! फोटोत फक्त बाह्या आणि घोट्याजवळची चार उमेची फुलं. ज्या पाकळीत रंग सांडलाय ती मात्र नेमकी दिसतेय.

सुईदोरा

अरे देवा, हिफुचं माझ्याही लक्षात आलं नाही!

शेंगदाणा

आणि लेक काय म्हणाली?

निशिकासाईकर

किमोनोबद्दल काहीही नाही. देवळात चितोसे-आमे मिळते, लाल-पांढऱ्या लांब काड्यांची गोळी, क्रौंच-कासवाच्या चित्राच्या पिशवीत. पिशवी जवळजवळ तिच्या कमरेएवढी. ती कुणाला धरू देईना. स्टेशनपर्यंत फरफटत नेली, तळ फाटला, एक काडी पायऱ्यांवर पडली. आजी मागून उचलत येत होत्या.